बोंडअळी काही शिकत नाही: लामार्क, डार्विन आणि १२० ग्रॅमची पुडी

उत्क्रांतीचा शोध डार्विनने लावला, असं सर्रास लिहिलं जातं. सजीवांच्या जाती बदलतात, एकीतून दुसरी निघते, हा विचार डार्विनचं पुस्तक येण्याच्या, म्हणजे १८५९ च्या, आधी शंभरेक वर्षं युरोपात फिरत होता. त्यावरून शिव्या खाऊन झाल्या होत्या आणि पुस्तकं खपूनही झाली होती. डार्विन आणि (स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचलेला) वॉलेस यांनी दिलं ते ‘हा बदल घडतो कसा’ याचं उत्तर. ते उत्तर आधीच्या उत्तरांपासून नेमकं कुठे फुटतं, हे मात्र बहुतेकांच्या डोक्यात धूसर असतं, आणि त्याचा मोठा दोष जिराफाकडे जातो. मान ताणणारा एक जिराफ, शेजारी आखूड मानेचा उपाशी दुसरा, एवढ्या दोन चित्रांवर आपली शाळा संपते. जिराफ उदाहरण म्हणून वाईटच आहे. त्याची पिढी कित्येक वर्षांची, प्रयोग करायची सोय नाही, आणि ती मान पाल्यासाठी लांबली की नरांच्या झुंजींसाठी यावर अजून वाद चालू आहे.

त्यापेक्षा कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्यावी. तिची एक पिढी साधारण महिनाभराची. तिच्यासमोर कोणतं विष कोणत्या वर्षी आलं हे ठाऊक आहे, ते कधी चालेनासं झालं तेही नोंदलेलं आहे. बीटी म्हणजे एका जीवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं विष झाडातच बनवणारी कपाशी. ‘अळीला बीटीची सवय झाली’ असं गावात बोललं जातं तेव्हा बोलणारा नकळत लामार्कचा १८०९ सालचा सिद्धांत मांडत असतो. तो सिद्धांत मूर्खपणाचा अजिबात नव्हता, म्हणून आधी तो नीट पाहू.

डार्विनच्या आधी

ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये मांडलं की हवामान आणि अन्न बदललं की प्राणी मूळ साच्यापासून घसरत जातात, आणि आजच्या कितीतरी जाती मोजक्या मूळ जातींपासून अशा घसरणीतून आल्या असाव्यात. डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन पेशाने डॉक्टर. सगळे उष्ण रक्ताचे प्राणी एकाच सजीव तंतूपासून निघाले असतील का, असा प्रश्न त्यांनी १७९४ मध्ये छापून टाकला. १८४४ मध्ये रॉबर्ट चेम्बर्स या एडिंबराच्या प्रकाशकाने उत्क्रांतीवर निनावी पुस्तक काढलं. ते भरपूर खपलं, विद्वानांनी झोडपलं, आणि लेखकाचं नाव १८८४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, जाहीर झालं. या तिघांकडे उत्क्रांती होती, पण ती चालते कशावर याचं उत्तर फारसं नव्हतं.

ते लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाकडे होतं. १७९३ मध्ये पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयात त्याच्या वाट्याला कीटक आणि कृमी हा विभाग आला, जो कुणाला फारसा नको होता. त्यातून त्याने अपृष्ठवंशीय प्राण्यांचं वर्गीकरण उभं केलं. १८०९ च्या त्याच्या मांडणीत दोन वेगवेगळ्या प्रेरणा आहेत. शाळेत त्यातली दुसरीच शिकवतात.

पहिली प्रेरणा अशी: सजीवांमध्ये मुळातच गुंतागुंतीकडे जाण्याचा ओघ असतो. अगदी साधे जीव निर्जीव पदार्थांतून सतत, आजही, आपोआप तयार होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या एकेक पायरी वर चढतात. म्हणजे माणसाचा वंश सगळ्यात आधी निघालेला, आणि डबक्यातला एकपेशीय जीव अगदी अलीकडे चढायला लागलेला. दोघांचा पूर्वज एक असण्याची इथे गरजच नाही. डार्विनच्या झाडाशी हा मोठा फरक आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. लामार्ककडे अनेक समांतर शिड्या आहेत. डार्विनकडे एक बुंधा आणि फांद्या.

दुसरी प्रेरणा ओळखीची. परिस्थिती बदलली की गरज बदलते, गरजेने सवयी बदलतात, ज्या अवयवाचा वापर वाढतो तो वाढतो, ज्याचा थांबतो तो खुरटतो, आणि हा मिळवलेला बदल पिल्लांत उतरतो. त्याने एक अटही घातली होती, की बदल आई आणि बाप दोघांत झालेला असावा.

लामार्कवरचा सर्वात गाजलेला हल्ला फसका होता, हे गंमतीचं आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून पॅरिसला पक्ष्या-प्राण्यांच्या ममी आल्या. लामार्कचा संग्रहालयातला सहकारी क्यूव्हिए याने हजारो वर्षांपूर्वीच्या ममीतला आयबिस पक्षी आणि आजचा आयबिस यांचे सांगाडे ताडून पाहिले. काही फरक नाही. मग उत्क्रांती कुठे आहे? लामार्कचं उत्तर होतं की इजिप्तचं हवामान तेवढ्या काळात बदललेलं नाही, मग पक्षी का बदलावा? शिवाय पृथ्वीच्या वयापुढे हा काळ चिमूटभर आहे. हे उत्तर डार्विननेही दिलं असतं. लामार्क पडला तो इथे नव्हे.

बदलतं कोण?

नैसर्गिक निवडीची कल्पना तीन निरीक्षणांवर उभी आहे. एकाच जातीतले जीव एकमेकांपासून थोडे वेगळे असतात. त्यातले काही फरक पिल्लांत उतरतात. आणि जन्मलेल्यांपैकी बहुतेक जण पिल्लं देण्याइतके जगत नाहीत. तिसऱ्या मुद्द्यासाठी डार्विनने मुद्दाम सगळ्यात सावकाश वाढणारा प्राणी, हत्ती, घेतला. तिसाव्या वर्षी पहिलं पिल्लू, नव्वदीपर्यंत एकूण सहा, आयुष्य शंभर वर्षांचं. एका जोडीपासून ७४० ते ७५० वर्षांत जवळजवळ १ कोटी ९० लाख हत्ती. (हा नंतरच्या आवृत्तीतला सुधारलेला आकडा. पहिल्या आवृत्तीतला हिशोब चुकला होता आणि वाचकांनी तो पकडला.) एवढे हत्ती नाहीत, याचा अर्थ बाकीचे जन्मलेच नाहीत किंवा मेले. कोण मेले आणि कोण उरले हे जर पूर्णपणे नशिबावर नसेल, अंगच्या फरकावर थोडंसं जरी अवलंबून असेल, तर पुढच्या पिढीतलं प्रमाण सरकतं. बास, एवढंच. यात कुठेही ओघ नाही, गरज नाही, प्रयत्न नाही.

लामार्ककडे प्रत्येक जीव बदलतो, थोडाथोडा, हव्या त्या दिशेने, सगळे मिळून. नैसर्गिक निवडीत कुठलाही जीव बदलत नाही. जो जसा जन्मला तसाच मरतो. बदलतं ते कळपातलं प्रमाण. आणि ज्या फरकांतून निवड होते ते फरक गरज ओळखून येत नाहीत. ते आधीच कुठेतरी पडलेले असतात, बहुतेक वेळा निरुपयोगी किंवा तोट्याचे.

या शेवटच्या वाक्याबद्दल डार्विनचीही पूर्ण खात्री नव्हती. त्याने रानबदकांची आणि पाळीव बदकांची हाडं तोलून पाहिली. अख्ख्या सांगाड्याच्या प्रमाणात पाळीव बदकाची पंखाची हाडं हलकी आणि पायाची जड भरली. उडणं कमी, चालणं जास्त, म्हणून असं झालं, असं त्याने सरळ लिहून टाकलं आहे. हा निव्वळ लामार्क झाला. ‘लामार्क चूक, डार्विन बरोबर’ अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी ही हाडं लक्षात ठेवावीत.

त्याची खरी अडचण आनुवंशिकतेत होती. त्या काळी सर्वमान्य समज असा की आई-बापाचे गुण मुलात मिसळून जातात. फ्लीमिंग जेन्किन हा ब्रिटिश अभियंता. त्याने १८६७ मध्ये या समजावर बोट ठेवून डार्विनला कोंडीत पकडलं. हजारोंच्या कळपात एकाला चांगला गुण आला, तर त्याची जोडी साध्याशीच जमणार. पिल्लात गुण निम्मा, नातवंडात पाव, दहाव्या पिढीत १०२४ वा भाग. निवड होईपर्यंत निवडायला काही उरतच नाही. हिशोब अचूक होता, गृहीतक चूक होतं. मेंडेलने वाटाण्यांवरचं काम १८६५ मध्ये वाचून दाखवलं होतं, १८६६ मध्ये ते छापूनही आलं होतं, पण त्याची दखल १९०० मध्ये घेतली गेली. त्यात उत्तर होतं: गुणाचा घटक मिसळत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या झाकला जातो आणि पुन्हा अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. हे वाक्य बोंडअळीशी पुन्हा लागणार आहे.

मेंडेल माहीत नसल्यामुळे डार्विनने १८६८ मध्ये स्वतःचा तोडगा काढला: शरीरातला प्रत्येक भाग बारीक कण सोडतो आणि ते जननपेशींत गोळा होतात. त्याच्या आतेभावाने, म्हणजे इरॅस्मस डार्विन यांच्याच दुसऱ्या नातवाने, फ्रान्सिस गाल्टनने, हे तपासायला एका रंगाच्या सशांचं रक्त दुसऱ्या रंगाच्या सशांत चढवलं आणि पिल्लं पाहिली. रंगात काही फरक पडला नाही. १८८० च्या दशकात वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या. ९०१ पिल्लं झाली, सगळी शेपटीवाली. हा प्रयोग लामार्कला मारणारा म्हणून सांगितला जातो, तो तसा नाही. छाटलेली शेपटी ही ना वापर ना न-वापर. वाइसमानला खोडायची होती ती जखमा-व्यंगं वारशाने जातात ही त्या काळची लोकप्रिय समजूत.

कुठे शून्य, कुठे एकशेसात

मग लामार्क आणि डार्विन यांच्यात निवाडा करायचा कसा? विष घातल्यावर काही जीव वाचतात, हे दोन्ही सिद्धांतांना मान्य आहे. विषामुळे ते कणखर झाले, की ते आधीच कणखर होते, हे विष घातल्यानंतर पाहून कळणार नाही. इथे १९४३ चा लुरिया आणि डेलब्रुक यांचा प्रयोग येतो. माझ्या मते या अख्ख्या विषयातला तो सगळ्यात देखणा प्रयोग आहे आणि त्याला लागतात ते जीवाणू, नळ्या, बशा आणि बेरीज.

ई. कोलाय जीवाणू आणि त्यांना मारणारा विषाणू घ्या. जीवाणूंचं अगदी थोडं बी टाकून २० छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवा, प्रत्येकीत ०.२ मिलिलिटर. शेजारी १० मिलिलिटरची एक मोठी वाढ करा. वाढ पूर्ण झाली की प्रत्येक छोटी नळी, आणि मोठीतून घेतलेले तेवढेच नमुने, विषाणू फासलेल्या बशांवर ओता. जे जीवाणू वाचतील त्यांचे ठिपके मोजा.

विषाणू भेटल्यावर प्रत्येक जीवाणूला कणखर होण्याची थोडीशी शक्यता असते, असं धरलं तर सगळ्या नळ्यांमध्ये आकडे जवळपास सारखे यायला हवेत, कारण सगळ्यांना विषाणू एकाच क्षणी भेटला. उलट, कणखरपणा नळी वाढत असतानाच, विषाणूचा पत्ता नसताना, कधीतरी अपघाताने उपजत असेल तर? मग तो कुठल्या नळीत लवकर उपजला तर त्या जीवाणूची अख्खी वंशावळ कणखर निघेल, कुठे शेवटी उपजला तर एक-दोनच, कुठे उपजलाच नाही तर शून्य.

मोठ्या वाढीतले दहा नमुने: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. सरासरी १६.७, आकडे सगळे एका घरातले. वीस छोट्या नळ्या: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११.३५. अकरा नळ्यांत शून्य, एकीत १०७. निव्वळ योगायोगाने आकडे खाली-वर झाले असते तर प्रसरण (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) सरासरीच्या आसपास आलं असतं. मोठ्या वाढीत ते तसंच येतं, छोट्या नळ्यांत ते सातशेच्या घरात जातं. १०७ च्या नळीत जो पहिला कणखर जीवाणू झाला त्याने विषाणू पाहिलाही नव्हता. लुरियाला ही कल्पना एका नृत्यसमारंभात, नाणं टाकून खेळायचं जुगाराचं यंत्र पाहताना सुचली. बहुतेक वेळा शून्य, मधूनच घबाड.

१९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी हेच आकडेमोडीशिवाय दाखवलं. मखमलीच्या कापडाने एका बशीवरच्या वसाहतींचा ठसा घेऊन तो विष असलेल्या बशीवर उमटवला. ज्या जागी वसाहत वाचली, मूळ बशीवरची नेमकी तीच जागा उचलली. ती कणखर निघाली, आणि तिने विष कधी चाखलेलंच नव्हतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. जीवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत ठेवतात आणि तो पुढच्या पिढ्यांना मिळतो. क्रिस्पर म्हणतात ती ही व्यवस्था. हा मिळवलेला गुण आहे, उपयोगाचा आहे आणि वारशानेही जातो. लामार्कला आनंद झाला असता. पण ही व्यवस्था स्वतः निवडीतूनच घडली, आणि अळीकडे बीटीसाठी असलं काही नाही.

कपाशीतला हिशोब

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात क्राय१एसी हे एक विषारी प्रथिन होतं. २००६ मध्ये क्राय२एबी जोडून बोलगार्ड-२ आलं. २००८ च्या हंगामात गुजरातच्या अमरेली भागातल्या गुलाबी बोंडअळ्यांत क्राय१एसीला प्रतिकार सापडला, २०१४-१५ पासून बोलगार्ड-२ वरही ती पोसायला लागली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने कपाशीचं काय केलं ते सांगायला नको. डोमकळ्या (अळीने आतून बांधलेली, न उमलणारी फुलं), किडकी बोंडं, पिवळी पडलेली सरकी.

अळीत बदल काय झाला? क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्याच्या आवरणावरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि पुढे आतड्याला भोकं पडतात. ज्या अळीचं कॅडहेरिनचं जनुक बिघडलेलं आहे तिच्यात विष चिकटायला जागाच नाही. नीट लक्षात घ्या, हा बिघाड आहे, सुधारणा नाही. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत हे जनुक एकाच जागी नाही, निरनिराळ्या जागी मोडलेलं सापडतं. गरजेप्रमाणे उत्तर घडलं असतं तर इतक्या तऱ्हांची मोडतोड दिसण्याचं कारण नव्हतं.

हा बिघाड अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. आता हिशोब. बिघडलेल्या जनुकाचं प्रमाण हजारात एक धरू. दोन्ही प्रती बिघडलेल्या अळ्या दहा लाखांत एक, एकच बिघडलेली अळी हजारात दोन. बीटीच्या शेतांत १ कोटी अळ्या असतील तर दोन्ही-बिघडलेल्या १० वाचतील. बाकी सगळ्या मेल्या. आजूबाजूला नॉन-बीटी नसेल तर उरलेले दहा पतंग एकमेकांतच जोडी करणार आणि पुढची पिढी शंभर टक्के प्रतिकारक. संख्या दहाच्या वंशाची, पण प्रमाण पूर्ण.

आता नॉन-बीटीच्या ओळींतून ५ लाख साधे पतंग निघाले असं धरा. दहा प्रतिकारक पतंगांना जोडीदार जवळजवळ हमखास यांच्यातला मिळतो. पिल्लांत एक प्रत बिघडलेली, एक चांगली, आणि ती बीटीवर मरतात. पाच लाख पतंगांत १० लाख प्रती, त्यात १ हजार बिघडलेल्या. त्यात वरच्या दहांच्या २० मिळवा. प्रमाण ०.००१ वरून ०.००१०२ झालं. हलल्यासारखंच नाही. बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी येत होती ती यासाठी. नियम होता एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेने पाच ओळी, यातलं जे जास्त असेल ते.

‘अळीला सवय होते’ हे ज्याच्या डोक्यात आहे त्याला ही पुडी म्हणजे किडीला घातलेलं जेवण वाटतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. लामार्कच्या जगात शेजारच्या ओळीत साध्या अळ्या पोसण्याचा काडीचा उपयोग नाही. बीटी खाणारी प्रत्येक अळी सरावतच जाणार. पुडी बांधावर फेकली गेली यात आळसाइतकाच या समजुतीचा हात होता, असं मला वाटतं. पुडीत काही वेळा निकृष्ट बियाणं असायचं, काही वेळा फुलोऱ्याचा काळ जुळायचा नाही, तो भाग वेगळा. काळ जुळला नाही तर पतंगही एका वेळी निघत नाहीत आणि वरचा हिशोब कोसळतो.

दुसरी अट विषाच्या मात्रेची. एक-प्रत-बिघडलेली अळी मेलीच पाहिजे. त्यातल्या दहातल्या एक वाचल्या तर? १ कोटीत अशा सुमारे २० हजार, वाचल्या २ हजार. पाच लाख नॉन-बीटी पतंग असूनही प्रमाण एका पिढीत ०.००३ वर, तिप्पट. याच गतीने हिशोब पुढे नेला तर पाचव्या पिढीला बिघडलेलं जनुक पाव भागाच्या वर जातं. कपाशी लांबली तर पाच पिढ्या म्हणजे एक हंगाम.

आणि आपल्याकडे त्या वाचण्याची सोय बोंडातच होती. अमेरिकेत बीटीचे सरळ वाण आहेत, प्रत्येक सरकीत विष. आपल्याकडे संकरित वाण, म्हणजे झाडात बीटी जनुकाची एकच प्रत. मग बोंडातल्या सरक्यांत मेंडेलच्या वाटाण्यांसारखी फाळणी होते: एक जनुक असेल तर चारात एक सरकी बिनविषारी, बोलगार्ड-२ मध्ये ९:३:३:१, सोळात एक सरकी दोन्ही विषांवाचून. गुलाबी अळी खाते सरकीच. बोंडात शिरल्यावर ती एका सरकीतून दुसरीत जाते, तिला कधी पूर्ण मात्रा, कधी अर्धी, कधी काहीच नाही. त्यात हंगामाच्या शेवटी झाडातलं विषाचं प्रमाणही उतरतं. एकच प्रत बिघडलेल्या अळीला यापेक्षा बरं घर मिळणार नाही. शिवाय बोलगार्ड-२ आल्यावरही एक विषाचे वाण कित्येक वर्षं शेजारी लावले गेले. दोन कुलपं एकदम तोडणं अवघड असतं, इथे ती एकेक करून तोडायला मिळाली.

याच शेतातली अमेरिकन बोंडअळी पाहा. तेच बीटी, तीच वर्षं, पण ती गुलाबी अळीसारखी सर्वदूर हाताबाहेर गेलेली नाही. ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो, टोमॅटोही तिला चालतो. विदर्भात कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. म्हणजे पुडी न उघडता तिच्यासाठी नॉन-बीटीची सोय आपोआप झाली. गुलाबी अळीला कपाशी सोडून फारसं काही चालत नाही. यावर लामार्कवादी म्हणू शकतो की अमेरिकन अळीने बीटी कमी खाल्लं म्हणून ती कमी सरावली, आणि नुसत्या या तुलनेतून त्याचं तोंड बंद होणार नाही. ते काम लुरियाच्या नळ्यांनी आधीच केलेलं आहे.

आता जेन्किनकडे. गुण मिसळत असते तर नॉन-बीटीच्या ओळी कायमचा इलाज ठरल्या असत्या: प्रतिकार निम्मा, पाव, अष्टमांश होत विरून गेला असता. प्रत्यक्षात बिघडलेली प्रत विरत नाही, चांगल्या प्रतीच्या आड बसून राहते. म्हणून या नॉन-बीटीच्या आश्रय-ओळी फक्त वेळ विकत घेतात. अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी हा नियम १९९६ पासून दहाएक वर्षं बऱ्यापैकी पाळला आणि गुलाबी अळी तेवढा काळ बीटीला मरत राहिली. २००६ पासून तिथे विमानातून वांझ केलेले पतंग सोडायला लागले. तत्त्व तेच, प्रतिकारक पतंगाला जोडीदार भलताच मिळावा; फक्त इथे जोडीतून प्रजाच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर झालं.

तो मार्ग आज इकडे उचलून आणता येत नाही, आणि त्याचंही कारण हिशोबातच आहे. बिघडलेल्या जनुकाचं प्रमाण अर्धं झालं की १ कोटीत २५ लाख अळ्या बीटीवर वाचतात. त्यांच्यासमोर ५ लाख नॉन-बीटी पतंग ठेवले तरी त्यांच्यातल्या सहापैकी पाच जणांना जोडीदार आपसातलाच मिळतो. या टप्प्यावर पुडी पेरून काही हाती लागत नाही. वांझ पतंग सोडायचे तर तेही कोट्यवधींत लागतील. उरतो तो उपाय जनुकांशी संबंध नसलेला: पिढ्यांची साखळी तोडणं. १५० दिवसांच्या आतबाहेर येणारे वाण, डिसेंबरअखेर पीक मोकळं, फरदड (वेचणी झाल्यावर तेच पीक पुढे राखणं) नाही, पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवायची नाही (सुप्तावस्थेतली अळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत आणि सरकीत उन्हाळा काढते), जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे), आणि शेतात सापळ्यामागे सलग तीन रात्री रोज आठ पतंग दिसले की फवारणीचा निर्णय. अळीचा प्रतिकार यातल्या कशानेही कमी होत नाही. पिकाशिवायचे महिने वाढतात, आणि उपाशी मरताना कॅडहेरिन कुठलं आहे याने काही फरक पडत नाही.